खानदेशातल्या घळींच्या काठाने: सात दिवस, सहा रात्री

धुळे तालुक्यातल्या माझ्या माहेरी, शिवाराच्या टोकाला एक घळ होती. पांझरेकडे जाणारा एक नाला मातीत इतका खोल उतरला होता की आत चरणारी म्हैस काठावर ओणवं झाल्याशिवाय दिसत नसे. आजोबा आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. खानदेश म्हणजे सपाट मैदान, ऊन आणि भुसावळचं स्टेशन, असं कुणी म्हणालं की मला ती घळ आठवते. रेल्वेच्या खिडकीतून सपाट दिसणारा हा मुलूख तिन्ही अंगांनी कापलेला आहे. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत काळ्या कातळाच्या दऱ्या, मध्ये तापीकाठी गाळाच्या मातीच्या घळी आणि उत्तरेला सातपुड्याच्या खाया. या तिन्हींच्या काठावर रात्र काढायची, एकटीने आणि आपल्या गाडीत, असं दोन वर्षं मनात होतं. संक्रांत झाली, पौषाची अमावास्या जवळ आली आणि मी नाशिकहून निघाले.

गाडी साधी ईको. मागची सीट काढून तिथे प्लायवुडची फळी, फळीवर गादी, फळीखाली सामान. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड चेनसकट शिवून घेतलं होतं, म्हणजे काच चार बोटं खाली ठेवून झोपता येतं. बंद गाडीत काचा पूर्ण लावून झोपू नये आणि आत शेगडी तर अजिबात पेटवू नये. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार, एका बर्नरची छोटी शेगडी, फावडं, चार फूट लांबीच्या दोन जाड फळ्या आणि दोरखंड. फळ्या कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर चौथ्या दिवशी मिळालं.

पहिला दिवस: नाशिक ते पाटणादेवी

मालेगावमार्गे चाळीसगाव, तिथून पाटणादेवी अठरा-वीस किलोमीटर. वाटेत चाळीसगावात केकी मूस यांच्या घरातलं कलादालन पाहिलं. मुंबईत जन्मलेला हा छायाचित्रकार आयुष्याचा बराच काळ या गावातल्या दगडी बंगल्यात जवळजवळ कोंडून घेऊन राहिला आणि १९८९ साली तिथेच गेला. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर त्यांनी प्रकाश असा पाडलाय की मी तासाभरासाठी गेले आणि दोन तास थांबले.

पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. आत रात्री गाडी लावून झोपायला परवानगी नाही आणि नसावीच. बिबट्याचं रान आहे. नाक्यावरच्या वनरक्षकाने बाहेरच्या एका शेताकडे बोट दाखवलं. खळ्यात हरभऱ्याचा ढाळा सोलत बसलेल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी आधी मला आणि मग गाडीत डोकावून पाहिलं.

"एकलीच शे का वं माय? भेव नई लागस?"

अहिराणी कानावर पडली आणि माझं निम्मं ओझं उतरलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत माहेरचं गाव सांगितलं. मग गाडी कुठे लावायची हा प्रश्नच उरला नाही. गोठ्याच्या भिंतीला चिकटून लाव, रातले बाहेर निघनी तं टॉर्च घी, एवढंच बजावलं. जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि मी चाळीसगावहून आणलेली शेवभाजी. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद मिसळून दळलेलं पीठ. ही भाकरी काळसर आणि खमंग असते. नाशिकच्या घरी मी तेच पीठ आणून करते, पण चुलीशिवाय ती चव उतरत नाही.

रात्री अकराला बाहेर आले. चंद्र नव्हता. मृगाची चौकट, तिच्यातला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या रेषेत खाली व्याध. समोर डोंगराची काळी कड, तेवढ्या जागेत तारे नाहीत, म्हणून ती कळायची. याच पाटणच्या परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, असं त्या लेखात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या पायथ्याशी मुलं ग्रहणाची गणितं सोडवत होती. थंडी बोचायला लागली तरी मला आत जाववेना.

दुसरा दिवस: केदारकुंड आणि वरून दिसलेला खानदेश

सकाळी सातला वनरक्षकाने गाठून दिलेल्या गावातल्या एका तरुणाबरोबर केदारकुंडाकडे निघाले. वाट ओढ्याच्या पात्रातूनच जाते. दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येत जातो आणि शेवटी तिन्ही बाजूंनी भिंती उभ्या राहतात. पावसाळ्यात इथे धबधबा असतो. आता कडेवरून पाण्याची एक बारीक ओल उतरत होती आणि खाली कुंडात गार, हिरवट पाणी शांत पडून होतं.

भिंतीकडे नीट पाहिलं की थर मोजता येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. कठीण थर उभा राहिला, मऊ थर झिजून आत गेला. महाराष्ट्रातल्या सगळ्याच डोंगरांचं हे असं आहे, पण इथे तुम्ही त्या थरांच्या आत, तळाशी उभे असता. बरोबरचा मुलगा म्हणाला, "ताई, जुलैमध्ये या." मी म्हटलं, जुलैत दगड दिसत नाही, पाणीच दिसतं. त्याला ते पटलं नाही. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, असं मला अजून वाटतं.

परतताना चंडिकादेवीचं दर्शन घेतलं आणि मग रानातलं हेमाडपंती महादेव मंदिर पाहिलं. त्यानंतर घाट चढून कन्नडच्या बाजूने पितळखोऱ्याला गेले. प्रशासकीय हिशोबाने हा खानदेश नाही, पण खानदेशची दक्षिण कड म्हणजे हीच. लेणी दरीच्या पोटात आहेत. पायऱ्या उतरून ओढा ओलांडावा लागतो. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी. इथे सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर मूर्ती घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, सोनार. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दगडावर काम करताना सोनाराने आपली सही हातावर ठेवली, हे मला फार आवडतं.

संध्याकाळी कड्यावरून उत्तरेला पाहिलं. खाली धुरकट पिवळ्या उजेडात सगळा खानदेश पसरलेला होता आणि सातपुडा काही दिसला नाही. मधलं अंतर किती मोठं आहे ते तेव्हा कळलं. रात्री पुन्हा त्याच खळ्यात.

या भागात जायचं असेल तर: घाटात जड वाहनांना बंदी आहे, पण मोटारी जातात, उतरताना गिअरवर उतरा, ब्रेकवर नको. पितळखोऱ्याला पाणी बरोबर न्या. मधमाश्यांची मोठी पोळी कड्यांना असतात, तेव्हा अत्तर लावून जाऊ नका आणि धूर करू नका.

तिसरा दिवस: चाळीसगाव ते चांगदेव

पाचोरा, जळगाव, भुसावळ. रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. दुपारी चारला मुक्ताईनगरच्या पुढे चांगदेवला पोचले.

इथे पूर्णा तापीला मिळते. संगमाच्या काठावर चांगदेवांचं यादवकाळातलं दगडी मंदिर आहे. हे चांगदेव म्हणजे पाटणचे ज्योतिषी नव्हेत. ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवणारे आणि पुढे मुक्ताबाईला गुरू मानणारे योगी. दोन दिवसांत एकाच नावाचे दोघे भेटले. मुक्ताबाईचं समाधिस्थान इथून जवळच, कोथळीला. खाली हतनूर धरणाचं पाणी संगमापर्यंत मागे फुगतं, त्यामुळे नदी तळ्यासारखी रुंद आणि संथ दिसते. पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाकांची रांग बसली होती.

मला मात्र घळी पाहायच्या होत्या आणि त्यासाठी लांब जावं लागलं नाही. गावाबाहेर शेतरस्त्याने एक-दीड किलोमीटर गेलं की जमीन एकदम तुटते. कातळाच्या दरीला आधी डोंगर लागतो, तयारीला वेळ मिळतो. इथे सपाट हरभऱ्याचं शेत, बांध, बांधावर दोन बोरी आणि पलीकडे तीस-चाळीस फूट खोल खड्डा. त्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. भिंती पिवळ्या मातीच्या आणि वर हात-दोन हात काळी माती. मध्येच चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा पट्टा, मध्येच गोट्यांची एखादी रेघ. पाटणच्या कातळात दिसले तसे हेही थरच, पण हे तापी-पूर्णेने आणून टाकलेले. नखाने ओरखडलं तर माती हातात येते.

मी गाडी काठापासून पंधरा-वीस पावलांवर, नदी दिसेल अशी लावली. शेगडीवर चहा ठेवला तोवर एक आजी काठी टेकत आल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर.

"कुठून आली वं माय?"

नाशिक सांगितलं. त्यांनी चहाकडे पाहिलं नाही, गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

"अठी नको लावू. हा काठ दरसाली आत येतो. आमचा बांध तिकडं होता." काठी घळीच्या पोकळीकडे होती, जिथे आता नुसती हवा होती. "रात्री पाणी येईल असं वाटतं. वर घे, निंबाजवळ."

आभाळ तेव्हा निरभ्र होतं. पण ऐकलं. गाडी निंबाच्या झाडाखाली त्यांच्या घरामागे नेली. आजींच्या मुलाने गावच्या पोलीस पाटलांना फोन करून सांगितलंही, की आमच्याकडे नाशिकची पाहुणी आहे. एकट्याने गाडीत राहणाऱ्या कुणालाही मी हे पहिलं सांगेन: गावात शिरल्यावर आधी एखाद्या घरातल्या बाईशी बोला आणि पोलीस पाटलांना कळू द्या. मग रात्री कुणी टॉर्च मारत येत नाही. आलं तरी ताक घेऊन येतं.

रात्री दोनला पहिला थेंब टपावर वाजला. मग वारा, मग विजा आणि तासभर धो धो. पौषात असा पाऊस म्हणजे अवकाळीच. मी काचा वर घेतल्या आणि बसून राहिले. विजांच्या मधल्या अंधारात घळीकडून आवाज येत होता, पोतं टाकल्यासारखा, दबका. थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा यायचा. काय आहे ते कळायला मला जरा उशीर लागला. काठ कोसळत होता.

चौथा दिवस: चिखल

सकाळी घळीच्या काठावर गेले तर दोन ठिकाणी ताजी, ओली, पिवळी जखम. माझी आदल्या संध्याकाळची जागा शाबूत होती, पण तिच्यापासून थोड्याच अंतरावरची बोर कलली होती आणि तिची मुळं हवेत लोंबत होती. खाली तळाशी गढूळ पाण्याची धार वाहत होती. पूर्वी मला वाटायचं, घळ नदी खोदते. आजींच्या मुलाने समजावलं ते उलटं आहे. शेतात पडलेलं पाणी उताराने घळीच्या डोक्याशी येतं, तिथून खाली उडी मारतं आणि पाय पोखरतं. खालची पिवळी माती आधी जाते, मग वरचा काळा थर आधाराविना बसतो. घळ अशी डोक्याकडून शेतात चढत जाते. म्हणून बांध घालायचा तो काठावर नाही, पाणी काठाशी पोचण्याआधी, वर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घळीच्या डोक्यापासून मागे पन्नास पावलांवर आडवा बांध घातला, त्यावर गवत राखलं, गुरं सोडली नाहीत. त्या फाट्यावर काल रात्री काहीच पडलं नव्हतं. पडलं ते शेजारच्या, बांध नसलेल्या फाट्यावर. ते त्यांनी मला चालत नेऊन दाखवलं. माणूस आपलं शेत दाखवतो तसं आपलं वाचलेलं शेत दाखवत होता.

हरभऱ्याचं मात्र नुकसान झालं होतं. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, काही सरींत आडवी पडली होती. त्याबद्दल कुणी फार बोललं नाही.

मी मात्र उतावळी. दहाला ऊन पडलं, म्हणून निघायचं ठरवलं. निंबाखालून गाडी काढली आणि तीस फुटांवर मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत बसली. काळी माती ओली झाली की चाकाला लिंपली जाते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. जितका जोर दिला तितकी गाडी खाली. मी खाली उतरले, फावड्याने चाकांपुढची माती काढली आणि फळ्या लावल्या. एक फळी उडून बाजूला पडली. दुसऱ्या प्रयत्नात गाडी हलली, पण पुढच्या दहा फुटांत पुन्हा बसली. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "दुपारपर्यंत बस ना माय. ऊन काढेल तिला."

तेच झालं. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर निघाला तो तीनला, तोवर वरची पापडी वाळली होती. दोरखंड बांधला आणि पाच मिनिटांत गाडी डांबरी रस्त्यावर. तोपर्यंत इतका उशीर झाला की त्या घरच्यांनी जाऊ दिलं नाही. संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरावर बट्टी भाजली, वर तूप, सोबत वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. मी चार बट्ट्या खाल्ल्या. आजी म्हणाल्या, दोनवर कुणी उठलं तर आमच्या घरात ते आजारी समजतात.

रात्री आजींशी गप्पा झाल्या. पंढरपूर झालं, काशी झाली. मी पुढे तोरणमाळला जाऊन प्रकाशावरून घरी परतणार, हे ऐकल्यावर त्या सरळ झाल्या. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी. काशी केली तरी प्रकाशा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यांची ती राहिली होती. गुडघे गेलेत, आता होणार नाही, म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तठून तापीचं पाणी आणशील का?" तापी त्यांच्या घरामागे वाहते. तरी मला त्या मागणीत काही वावगं वाटलं नाही. मी हो म्हटलं.

काळ्या मातीच्या शेतरस्त्यांविषयी: पाऊस झाला तर गाडी हलवू नका, एवढंच. चार तास थांबायची तयारी ठेवा. दोन फळ्या आणि फावडं बरोबर असूद्या. आणि मुक्काम कच्च्या रस्त्याच्या आत न करता, डांबरी रस्ता पन्नास पावलांवर असेल तिथे करा. निंबाखाली न थांबता मी रस्त्याकडेला थांबले असते तर सकाळी आठला निघाले असते. मात्र मग हा दिवस मिळाला नसता.

पाचवा दिवस: केळी, भरीत, उनपदेव

तापी ओलांडून सावदा-फैजपूरच्या पट्ट्यात शिरलं की दोन्ही बाजूंना केळी. मैलोन् मैल हिरवी भिंत. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं होतं. गावात शाळेत जाणाऱ्या दोन मुलींना विचारलं, त्यांनी ते लगेच सांगितलं, वर्षासकट.

बामणोदच्या एका शेतात भरीत पार्टी चालू होती. रस्त्यावरून धूर दिसला, थांबले आणि पाच मिनिटांत माझ्या हातात पत्रावळ होती. हिरवट-पांढरी, मोठी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. साल काढून ती लाकडी बडगीत ठेचायची. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. फोडणी वेगळी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच वांग्याचं भरीत गॅसवर केलं तर ते भरीत राहत नाही. ठेचणारे काका म्हणाले, मिक्सर लावला की वांग्याचा जीव जातो. मी पूर्ण सहमत.

बोलणं फिरून पाण्यावर आलं. केळीला पाणी लागतं आणि सातपुड्याच्या पायथ्याची जमीन गोट्या-वाळूची, पाणी मुरवणारी. शास्त्रज्ञ या पट्ट्याला बझाडा म्हणतात. वरचं पाणी इथे मुरायचं आणि विहिरींना यायचं. उपसा वाढला, मुरणं तेवढं राहिलं नाही. "आजोबांच्या विहिरीत उतरून आम्ही पोहायचो," काका म्हणाले. "आता त्याच शेतात बोअर किती खोल नेली ते विचारू नका." चांगदेवला पाण्याने जमीन नेली म्हणून दुःख आणि इथे, तापीच्या पलीकडे, पाणी खाली गेलं म्हणून.

दुपारनंतर यावल, अडावद आणि तिथून डोंगराच्या कुशीतलं उनपदेव. गोमुखातून बाराही महिने गरम पाणी पडतं. दोन दिवसांचा चिखल तिथे धुतला. स्त्रियांसाठी आडोसा आहे का हे आधी पाहून घ्या, गर्दीच्या दिवशी जाऊ नका. मी गेले तेव्हा तीन आज्या आणि मी, एवढ्याच होतो. मुक्काम अडावदच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात, मालकाला विचारून. पंपावर दिवा असतो, संडास असतो, रात्रभर कुणीतरी जागं असतं. रम्य नाही, पण झोप लागते.

सहावा दिवस: तोरणमाळ

चोपडा, शिरपूर, शहादा. शहाद्यातच टाकी भरा, भाजी घ्या, घरी फोन करून घ्या. वर रेंजचा भरवसा धरू नका. शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. म्हसावदनंतर सातपुडा समोर उभा राहतो आणि सात पायरीचा घाट सुरू होतो. वळणं अशी की खालचे रस्ते एकाखाली एक दिसतात. सालईची झाडं पानं टाकून पांढऱ्या फांद्यांनी उभी, गवत सोनेरी. वर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून जास्त उंचीवर यशवंत तलाव. दुपारी चारलाही वारा अंगावर काटा आणत होता.

वाटेतल्या एका पाड्यावर थांबले. बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. अर्ध्या घरांच्या दारांना दोऱ्या बांधलेल्या. कुठे गेले सगळे, असं एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाईंना विचारलं. त्यांची पावरी बोली मला कळेना, माझी मराठी त्यांना अर्धी कळत होती. दहावीतल्या नातवाने सांगितलं: ऊसतोडीला गुजरातेत. दिवाळीनंतर जातात, होळीला येतात. त्याचे आईवडीलही गेले होते. घरात आजी, तो आणि लहान बहीण. होळीला किती दिवस राहिले ते त्याने विचारल्याबरोबर सांगितलं, मोजायला थांबला नाही.

गाडी त्यांच्या अंगणात लावली. मी तांदूळ, डाळ, भाजी काढली. आजींनी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ केली. सगळे आगटीभोवती बसलो. पोराला गणित आवडतं म्हणून मी त्याला पाटणच्या मठाची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, तिथे मुलं राहायला कुठे असायची? वसतिगृह होतं का? आश्रमशाळेत वाढलेल्या मुलालाच हा प्रश्न सुचेल. शिलालेखात दानाचा हिशोब आहे, म्हणजे मुलांच्या जेवणाखाण्याची काळजी कुणीतरी केली असणार, असं मी म्हटलं. ते त्याला पुरेसं वाटलं.

रात्री थंडी अशी की दोन गोधड्या आणि स्वेटर घालूनही पहाटे चारला जाग आली.

सातवा दिवस: सीताखाई, प्रकाशा, मिरची

उजाडायच्या आत तो मुलगा आणि मी सीताखाईच्या काठावर. आधी काहीच दिसेना, धुक्याने खाई काठोकाठ भरलेली. मग पूर्वेकडून ऊन आलं आणि धुकं वरून विरत गेलं. आधी समोरचा कडा, मग त्याखालचा थर, मग आणखी एक, पायऱ्या उतरल्यासारखी खाई उघडत गेली. तळ दिसायला तासभर लागला. कातळ पाटणचाच, काळा, थरांचा. पण पाटणला मी तळाशी होते आणि इथे काठावर. तळातून एक रेघ पुढे जात होती, कोरडी. पावसाळ्यात तीच वाहती असते आणि तिचं पाणी कुणीकडे जातं, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "खाली." मग हसला आणि नर्मदेचं नाव घेतलं. तोरणमाळचा माथा दोन्ही नद्यांच्या मध्ये आहे. थोडं अलीकडे पडलेला थेंब तापीला जातो.

निघताना आजींनी पुडीत चारोळी दिली. पैसे घेतले नाहीत. मी पोराला माझा टॉर्च दिला आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी फोन करायचा असं कबूल करून घेतलं.

घाट उतरून शहादा, तिथून प्रकाशा. घाटावर केदारेश्वराचं मंदिर, खाली बंधाऱ्याने अडवलेली तापी, दोन्ही काठ भरून. पाणी घ्यायला खाली उतरले तर एका गुरुजींनी विचारलं, पितरांसाठी का? मी सांगितलं, चांगदेवच्या एका आजींसाठी. ते म्हणाले, मग बाटली प्लास्टिकची नको. समोरच्या दुकानातून तांब्याचा छोटा गडू, झाकणाचा, आणून दिला आणि त्यांनीच तो भरला.

नंदुरबारजवळ रस्त्याकडेला एकरच्या एकर जमीन लाल. मिरचीच्या पथाऱ्या. ओली मिरची पसरून वाळवतात. बायका तोंडाला फडकं बांधून ओळीने देठ खुडत होत्या. गाडीच्या काचा बंद असूनही मला ठसका लागला. त्या दिवसभर तिथे बसतात. अवकाळीने इथेही एक रात्र पथाऱ्या भिजवल्या होत्या. एक बाई भिजून काळी पडलेली मिरची बाजूला काढत होत्या, हात कोपरापर्यंत लाल. त्यांच्याकडून दोन किलो सुकी मिरची घेतली. साक्री, सटाणा करत रात्री साडेदहाला घरी.

गडू देवघरात ठेवलाय, झाकणाला मेण लावून. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, तेव्हा जाणार आहे. या वेळी गाडी डांबरी रस्त्याजवळ लावीन. आजींच्या मुलाचा काल फोन आला होता. शेजारच्यांनी त्यांच्या फाट्याच्या डोक्याशी बांध घालायला घेतलाय आणि हरभरा निम्मा हाती आला.